१४ एप्रिल, गोदीतला स्फोट आणि आपल्या दारापर्यंत येणारा बंब

उपवनकाठी
११ एप्रिल, रात्री ९:२०

१४ एप्रिलला ठाण्यात सकाळपासून जयंतीची लगबग असते. त्याच सकाळी अग्निशमन केंद्रांमध्येही जवान गणवेशात रांगेत उभे राहून गेलेल्या सहकाऱ्यांना मानवंदना देतात आणि २० तारखेपर्यंतचा अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. हाच दिवस का, असं सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर फार थोड्यांना ठाऊक होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुसरं महायुद्ध चालू होतं. ‘फोर्ट स्टिकाइन’ नावाचं मालवाहू जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं, वाटेत कराचीला थांबलं आणि १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात जवळपास १,४०० टन दारूगोळा. कराचीत त्याच जहाजावर कापसाच्या हजारो गाठी चढवल्या होत्या. घातक माल असला की जहाजावर लाल बावटा लावायची पद्धत, तो लावलेला नव्हता. १४ तारखेला दुपारी जहाजातून धूर दिसला. बंब आले. ९०० टनांहून जास्त पाणी आत ओतलं, पण धूर इतका दाट की आगीचं मूळ सापडेना. उष्णतेनं जहाजाभोवतीचं पाणी उकळायला लागलं. ३:५० ला जहाज सोडायचा हुकूम निघाला आणि ४:०६ ला पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा. १,७०० किलोमीटरवरच्या सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. शहरात मेलेल्यांचा आकडा ८०० ते १,३०० असा सांगतात. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. ढिगारे उपसायला ८,००० माणसांना सात महिने लागले.

मला सतत बोचतं ते हे, की त्या ६६ जणांचं मरण त्या दुपारी ठरलं नव्हतं. कापूस आणि दारूगोळा एकत्र भरला गेला तेव्हाच, कराचीच्या धक्क्यावर, ते ठरून गेलं होतं. आग विझवायला येणारा माणूस नेहमी शेवटी येतो. त्याच्या आधी कुणीतरी काहीतरी चुकीचं रचून ठेवलेलं असतं, किंवा सांगायचं राहून गेलेलं असतं.

आपल्या इमारतींचंही हेच आहे असं मला वाटतं. इथे कुणी दलात आहे किंवा होतं का? तुम्ही आमच्या गेटातून आत शिरता तेव्हा तुम्हाला काय माहीत नसतं, ते सांगा. आमच्या सोसायटीची सभा १३ ला आहे, मला ते तिथे मांडायचं आहे.

---

जुना_यंत्रचालक
११ एप्रिल, रात्री १०:४५

ताई, बावट्याचं लिहिलंत ते अगदी खरं. मी चालक-यंत्रचालक होतो, ठाणे जिल्ह्यातल्या एका दलात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

वर्दी, म्हणजे आगीची खबर, येते तिथूनच सांगतो. लोक फोन करतात, “आग लागली, लवकर या” म्हणतात आणि ठेवतात. ताई, दादा, एवढंच सांगून ठेवू नका. काय जळतंय, कितव्या मजल्यावर, कोणी अडकलंय का, जवळची खूण कोणती, आणि तुमचा नंबर. मीटर बॉक्स पेटलाय की गोदाम, यावर कोणती गाडी काढायची ते ठरतं. रासायनिक असेल तर फोम, म्हणजे आग झाकणारा फेस, लागतो. उंच इमारत असेल तर शिडीची गाडी. चुकीची गाडी गेली की पुन्हा वायरलेस, पुन्हा वाट बघणं.

आता पाण्याचा हिशेब. साध्या बंबात साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं. ब्रँच म्हणजे पाइपाच्या तोंडाची तोटी. एक ब्रँच चांगली चालवली तर मिनिटाला ४०० ते ४५० लिटर जातं. म्हणजे एका ब्रँचवर दहा-अकरा मिनिटं, दोन लावल्या तर त्याच्या निम्मी. लोकांना वाटतं गाडी आली की पाणी आलं. गाडीत असतं ते सुरुवातीचं पाणी. पुढचं तुमच्या इमारतीच्या टाकीतून, हायड्रंटमधून (आगीसाठी बसवलेल्या नळातून) किंवा मागून येणाऱ्या जम्बो टँकरमधून. हायड्रंटला पाणीच नसेल तर आतला माणूस ब्रँच हातात घेऊन उभा आणि धार बारीक होत चाललेली. मी पंपाच्या पॅनलवर उभा असायचो. मला आग दिसत नाही, दिसतात फक्त काटे. आतल्यांची धार माझ्या हातात असते. टाकीचा काटा खाली यायला लागला की पोटात गोळा येतो तो अजून आठवतो.

आणि होज, म्हणजे तो पाण्याचा पाइप, गच्च भरला की त्याला आवरायला दोन माणसं लागतात. माणसं कमी असायची. दोघांचं काम एकानं करायचं हे आमच्या वेळी रोजचंच होतं.

---

कळवा_नाका
१२ एप्रिल, सकाळी ७:५०

काकांचा मान ठेवून लिहितो. आमच्या शेजारच्या चाळीत आग लागली तेव्हा बंब फार उशिरा आला. तोवर दोन खोल्या गेल्या होत्या. आम्ही बादल्यांनी जमेल तेवढं विझवलं. त्या रात्री फोन उचलला गेला, “निघालो” म्हणाले, आणि आम्ही रस्त्याकडे बघत बसलो. शौर्याच्या गोष्टी ठीक आहेत, पण सामान्य माणसाला गाडी वेळेत हवी.

---

जुना_यंत्रचालक
१२ एप्रिल, सकाळी ८:३०

दादा, तुमचा राग मला कळतो. त्या रात्री काय झालं ते मला माहीत नाही, म्हणून कुणाची बाजू घेत नाही. पण गाडी नाक्यापर्यंत येऊन गल्लीच्या तोंडाशी अडकते, हे मी अनेकदा पाहिलंय. दोन्ही बाजूंना रिक्षा, दुचाकी, वर ताडपत्र्या आणि केबलचं जाळं. मग गाडी बाहेर ठेवून होजवर होज जोडत आत जायचं. एक होज पंधरा मीटरचा. शंभर मीटर आत जायचं तर सात जोडायचे, आणि लांबी वाढली की दाब कमी होतो. एखादी दुचाकी चाकाखाली आली की भिजलेला होज तिथेच दबतो.

तुमच्या चाळीच्या तोंडाशी गाडी वळेल एवढी जागा आहे का, हे एकदा दिवसा मोजून बघा. नसेल तर प्रभाग कार्यालयात लेखी द्या. माझी मदत लागली तर सांगा, मी येईन.

---

जुनी_पानं
१२ एप्रिल, सकाळी ११:१०

उपवनकाठी म्हणतात तसं “आधी कुणीतरी रचून ठेवलेलं” हे फार जुन्या काळापासून लोकांना कळलेलं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या कारभाराच्या प्रकरणात आगीचे नियम आहेत. उन्हाळ्यात दिवसाच्या ठरावीक वेळी चूल पेटवायची नाही. आगीवर काम करणाऱ्यांनी एका भागात राहायचं. घरोघरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, पेटलेलं छप्पर ओढून काढायचं हत्यार आणि चामड्याची पखाल तयार ठेवायची. मोठ्या रस्त्यांवर आणि चौकांत पाण्याच्या घड्यांच्या रांगा. आग लागली असता घरमालक धावला नाही तर १२ ‘पण’ (त्या काळचं नाणं) दंड, भाडेकरू असेल तर ६. निष्काळजीपणानं आग लावली तर ५४. म्हणजे विझवणाऱ्यांची वेगळी फौज नाही, पण तयारीची सक्ती प्रत्येकावर.

फौज उभी केली ती रोमन लोकांनी. इसवी सन ६ मध्ये ऑगस्टस बादशहानं सात तुकड्यांचं ‘व्हिजिलीस’ नावाचं दल काढलं, आग आणि रात्रीची गस्त दोन्हीसाठी. चामड्याचा होज १६७२ साली ॲमस्टरडॅममध्ये आला, यान फान डेर हायडन या चित्रकारानं बनवला. त्याआधी आगीजवळ पाणी न्यायचं तर माणसांची रांग आणि हातोहात बादल्या, किंवा गाडीवरच्या तोटीतून लांबूनच मारा.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जेम्स ब्रेडवुड. १८२४ साली एडिंबरामध्ये त्यानं शहराचं दल उभारलं आणि माणसांना शिकवलं की बाहेरून पाणी मारत बसू नका, आत शिरा, आगीचं मूळ शोधा. पुढे तो लंडनच्या दलाचा प्रमुख झाला. लंडनमध्ये आधी विमा कंपन्यांची वेगवेगळी दलं होती, १८३३ मध्ये ती एकत्र केली गेली. १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या गोदामांना आग लागली. तिथे गोदामांच्या मध्ये लोखंडी दारं होती, आग पलीकडे जाऊ नये म्हणून बसवलेली. ती उघडी राहिली होती. आग एका गोदामातून दुसऱ्यात गेली आणि भिंत कोसळून ब्रेडवुड तिथेच गेला. आपल्या जिन्याच्या फायर डोअरला विटेचा टेकू लावून ते कायम उघडं ठेवणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट वाचावी.

मुंबईत हे काम सुरुवातीला पोलिसांकडे होतं, १८८७ पासून पालिकेकडे आलं. आज राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत नोंदलेली आहे. म्हणजे दलाला माणसं आणि गाड्या पुरेशा आहेत का, हा प्रश्न आपण आपल्या नगरसेवकाला विचारायचा असतो.

---

कोपरीची_लेक
१२ एप्रिल, दुपारी ३:०५

माझे बाबा फायरमन होते, पुढे लीडिंग फायरमन झाले. आम्ही केंद्राच्या आवारातल्या क्वार्टर्समध्ये वाढलो. घंटा झाली की जेवणाचं ताट तसंच राहायचं. गमबूट जमिनीवर उभे, त्यांच्यावर पँट गुंडाळून ठेवलेली, म्हणजे पाय एकदम आत घालून वर ओढता यावी. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या बाबांचे कपडे असेच ठेवलेले असतात.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री ते घरी असल्याचं मला आठवत नाही. रॉकेट कुणाच्या तरी गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जायचं, गच्चीवरच्या भंगारावर पडायचं, एकामागून एक वर्द्या. होळीला तेच. पावसाळ्यात झाडं, भिंती. मांज्यात अडकलेल्या घारी उतरवायला गेले की मला नंतर पंख किती मोठा होता ते हात पसरून दाखवायचे. रस्त्यावर तेल सांडून दुचाक्या घसरायला लागल्या की माती टाकायलाही हेच. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं, उपवन किंवा मासुंदा तलावात बुडालेला मुलगा, सगळ्याला एकच फोन नंबर.

आई त्यांचे कपडे आमच्या कपड्यांत कधीच धूत नसे. मोठ्या आगीवरून आल्यावर दोन दिवस नाकातून, थुंकीतून काळं यायचं. “धूर आहे, जाईल” म्हणायचे. आताच्या घरांत फोमच्या गाद्या, सोफे, प्लास्टिक, त्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, सायनाइडही असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकला. ते वाचलं त्या दिवशी मी आईला फोन केला. ती म्हणाली, “मी साबण वेगळा ठेवायचे ते उगाच नाही.”

आजही एक गोष्ट मला सहन होत नाही. आग विझली की लोक पांगतात. जवान मात्र तासन्‌तास कूलिंग करत बसतात, कारण आत धुमसणारं पुन्हा पेटतं. त्या वेळी त्यांना प्यायचं पाणीसुद्धा कुणी विचारत नाही. हे मात्र सांगायलाच हवं, की काही ठिकाणी बायका घराघरातून चहा घेऊन खाली येतात. बाबा अशा इमारतींची नावं वर्षानुवर्षं लक्षात ठेवायचे.

---

रबाळे_पाळी
१२ एप्रिल, रात्री ११:३०

मी टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात सेफ्टी विभागात आहे. लाल बाव‍ट्याचा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे.

सॉल्व्हंटच्या (इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रव रसायनांच्या) आगीवर नुसतं पाणी मारलं तर बरेचसे सॉल्व्हंट पाण्यावर तरंगतात आणि आग पाण्यासोबत गटारातून शेजारच्या प्लॉटपर्यंत वाहत जाते. तिथे फोमची चादर घालावी लागते. सोडियमसारख्या धातूवर पाणी पडलं तर हायड्रोजन निघून स्फोट होतो. बंद ड्रम बाहेरून तापले की फुटून उडतात. म्हणून एमआयडीसीच्या केंद्रातून गाडी आली की अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, “आत काय आहे, किती आहे, कुठे आहे?” आणि त्या घडीला गेटवरच्या सुरक्षारक्षकाला काही माहीत नसतं, मॅनेजर फोन उचलत नाही. आम्ही आता मालाची यादी आणि प्लॉटचा नकाशा गेटवरच लाल पेटीत ठेवतो, रोजच्या साठ्यासह. हे करायला फार खर्च येत नाही, पण रात्रपाळीत साठा बदलला की यादी बदलायची शिस्त लावायला आम्हाला बराच काळ लागला.

दुसरी गोष्ट विहिरी आणि टाक्यांची. १ नोव्हेंबर २०१८ ला कल्याण पूर्वेला एका विहिरीत साफसफाईला उतरलेला माणूस बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरे उतरले, मग अग्निशमन दलाचे जवान उतरले. पाच जण गेले, त्यात दोन जवान. विषारी वायू दिसत नाही आणि दोन श्वासांत माणूस पडतो. सोसायटीची टाकी, सेप्टिक टँक साफ करताना कुणी आत पडलं तर मागोमाग उडी मारू नका आणि फोनवर “टाकीत माणूस पडलाय” एवढंच न सांगता “आत गॅस असू शकतो” हे सांगा. म्हणजे ते बीए सेट लावूनच उतरतील.

बीए सेट म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर. सहा लिटरचा, ३०० बार दाबाला भरलेला, म्हणजे १,८०० लिटर हवा. कागदावर मिनिटाला ४० लिटरनं ४५ मिनिटं. जिने चढून, होज ओढून, घाबरलेल्या माणसाला उचलून ती वीस-पंचवीस मिनिटांत संपत येते. पन्नास-पंचावन्न बारला शिट्टी वाजते. ती वाजली की बाहेर. आत कुणाचा आवाज येत असला तरी बाहेर.

---

ऐरोलीकर
१३ एप्रिल, सकाळी ६:४०

९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली होती. जुनी लाकडी इमारत. आग विझवताना ती कोसळली आणि मुंबई दलाचे अधिकारी संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथेच गेले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन यांना भाजलेल्या अवस्थेत आमच्या ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आणलं. दोघेही वाचले नाहीत. दलाचा सर्वांत वरचा अधिकारी आगीच्या तोंडाशी उभा होता, हे मला विसरता येत नाही. त्या दिवसांत सेक्टरमधल्या रस्त्यावर लाल गाड्या उभ्या असायच्या आणि खाली जवान गप्प बसलेले असायचे. आम्ही येता-जाता थांबायचो. बोलायचं काय हे कुणालाच कळत नव्हतं.

---

घोडबंदर_बावीसवा
१३ एप्रिल, सकाळी ९:१५

काका, आमची इमारत ३१ मजल्यांची. शिडी आमच्यापर्यंत पोचेल का? आणि मधल्या मोकळ्या मजल्यावर बिल्डरनं दिलेली जागा आहे, तिथे काही रहिवाशांना मुलांसाठी टेबल टेनिस लावायचंय.

---

जुना_यंत्रचालक
१३ एप्रिल, सकाळी १०:००

शिडीच्या भरवशावर राहू नका. शिडी उभी करायला गाडीला पक्की, सपाट जागा लागते, आणि पोडियमच्या (खाली पार्किंगचे रुंद मजले असलेल्या) इमारतींना ती अनेकदा मिळत नाही. उंच इमारत आतूनच वाचते. रायझरला (मजल्यामजल्यावर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपाला) पाणी, पंपाला वीज, जिना मोकळा. आमची माणसं फायर लिफ्टनं आगीच्या एक-दोन मजले खालपर्यंत जातात आणि तिथून वीस-पंचवीस किलो अंगावर घेऊन जिन्यानं चढतात.

तो मोकळा मजला म्हणजे रेफ्यूज एरिया. पहिला २४ मीटरच्या वर, मग दर सात मजल्यांनी. तिथे टेबल नाही, कपाट नाही, गणपतीचं मखरसुद्धा नाही. धुरात डोळ्यांना काही दिसत नाही, माणसं भिंतीला हात लावून चालतात. वाटेत टेबलाचा पाय आला की पहिला पडतो आणि त्याच्यावर मागचे पडतात. मुलांसाठी क्लब हाऊस बघा.

अजून एक. ठाण्यात, नव्या मुंबईत जुन्या इमारतींत मीटर रूम जिन्याखालीच असते. तिथे आग लागली की जिना धुराड्याचं काम करतो. वरच्या मजल्यावरचे लोक घाबरून जिन्यात धावतात आणि धुरात सापडतात. जिन्यात धूर असेल तर दार बंद करा, फटीत ओली चादर कोंबा, खिडकीत येऊन हात दाखवा. आम्ही वर बघतोच. आणि मीटरवर पाणी टाकू नका, आधी वीज तोडायची.

---

उपवनकाठी
१३ एप्रिल, रात्री १०:५०

सभा झाली. तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद छापून नेले होते, वाचून दाखवले. कोपरीच्या ताईंचा वाचताना मला मध्ये थांबावं लागलं.

राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. कायदा २००६ चा, लागू डिसेंबर २००८ पासून. आमच्या फायलीत प्रमाणपत्रं व्यवस्थित लावलेली आहेत. तरी सभेनंतर आम्ही काही जण टॉर्च घेऊन मजल्यामजल्यावर गेलो. नवव्या मजल्यावर हायड्रंटच्या व्हॉल्व्हचं चाकच नाही. चौथ्यावर फायर डक्टमध्ये (आगीचे पाइप जातात त्या कोनाड्यात) चपलांचा स्टँड आणि एक मोडकी सायकल. होज बॉक्समध्ये होज आहे, ब्रँच नाही. पितळेच्या होत्या, कधी गेल्या कुणाला माहीत नाही. गच्चीच्या दाराची किल्ली ज्यांच्याकडे असते ते काका गावाला गेलेत. कागदावर हे सगळं “सुस्थितीत” आहे.

मी प्रमाणपत्र देणाऱ्या त्या संस्थेला उद्याच पत्र देतेय आणि दुरुस्ती होईपर्यंत पैसे अडवायचा ठराव झालाय. गेटपासून मागच्या विंगपर्यंतचा रस्ता पिवळ्या पट्ट्यांनी आखून तिथलं पार्किंग बंद करायचं, हेही मंजूर झालं. सोपं गेलं नाही, तीन गाड्यांना जागा शोधावी लागणार आहे.

काका, नव्या ब्रँच आणल्या तर पुन्हा चोरीला जातील म्हणून काही जण म्हणतात सगळ्या ऑफिसात कुलपात ठेवू. चालेल का?

---

जुना_यंत्रचालक
१४ एप्रिल, सकाळी ६:१५

नाही चालणार. रात्री दोनला ऑफिसची किल्ली कोण शोधणार? ब्रँच तिथल्या तिथेच, होज बॉक्समध्ये. बॉक्सला काच लावा, फोडून काढता येते. पितळेऐवजी हलक्या धातूची घेतलीत तर भंगारात भाव येत नाही, चोरी कमी होते. कपलिंग, म्हणजे जोड, मात्र तुमच्या होजला बसतंय का ते दुकानात होज नेऊनच बघा. नवव्या मजल्याचं चाक आजच बसवा, आणि बसवल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडून बघा, गंजून बसलेला असतो. गच्चीच्या किल्लीची एक प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्यावर.

मी आठ वाजता आमच्या जुन्या केंद्रावर मानवंदनेला जातोय. कुणाला यायचं असेल तर या, गाड्याही बघायला मिळतात, आणि तिथले जवान आनंदानं सगळं समजावून सांगतात. कळवा नाक्याचे दादा, तुम्ही आलात तर तिथूनच तुमची गल्ली मोजायला जाऊ. टेप मी घेऊन येतो.